वर्तुळ गाऊन दाखव

४ ऑगस्ट, सोमवार

आज माझ्या जिभेनं मला पुन्हा खड्ड्यात घातलं.

शिक्षकांची सभा होती. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, चष्मा नाकावर ओढत म्हणाल्या, "अकरावीचं गणित फार कच्चं आहे. पुढच्या सत्रापासून त्यांचा गाण्याचा तास गणिताला द्यायचा विचार आहे." इतक्या सहज म्हणाल्या, जणू कुंडी इकडची तिकडे ठेवायची आहे. आणि गाण्याच्या बाई, म्हणजे अस्मादिक, समोरच बसलेल्या!

मी गणिताच्या सरांकडे पाहिलं. ते पेनाचं टोपण उघडत होते, मिटत होते. चकार शब्द नाही. बोलतील कशाला? तास त्यांच्याच घशात जाणार. हाच माणूस गेल्या वर्षी मुद्दाम मागून घेऊन माझ्या गाण्याच्या खोलीशेजारच्या वर्गात आला, आणि दारंखिडक्या सताड उघड्या टाकून शिकवतो. माझ्या मुलांच्या गाण्यावर आवाज चढवायला, दुसरं काय? मला सगळं कळतं.

मी ताडकन उभी राहिले. "गाणं म्हणजे गणितच असतं! तुमचं गणित मी गाण्यातून शिकवून दाखवते!" सगळे खो खो हसले. सर तेवढे हसले नाहीत, टोपण हातातून खाली पडलं त्यांच्या.

घरी येऊन ताईला सांगितलं. ताईचं चष्म्याचं दुकान आहे, दिवसभर लोकांचे डोळे तपासून ती माझ्याकडेही तशीच बघते. म्हणाली, "तुझं शेवटचं गणित कधी झालं होतं गं?" मी ताटावरून उठून गेले. थोड्या वेळानं परत येऊन जेवले, भूक लागली होती.

७ ऑगस्ट, गुरुवार

काल गणिताचे सर पडले. वर्गातलं घड्याळ बंद पडलं होतं, त्यात सेल घालायला स्टुलावर चढले आणि स्टूल कलंडलं. घोट्याच्या हाडाला चीर गेली आहे, पाय प्लास्टरमध्ये. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ते फार टिकलं नाही, कारण आज मोठ्या बाईंचं बोलावणं आलं.

"बदली शिक्षक मिळत नाहीये," त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात ना, शिकवून दाखवते? दाखवा. धडा फलनांचा. महिनाअखेरीला चाचणी, प्रश्न मी काढीन. सगळा वर्ग पास झाला तर गाण्याचा तास राहिला. एक जरी नापास झाला तर गेला."

"अहो, एक जरी म्हणजे…"

"एक जरी," मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी चहा मागवला. फक्त स्वतःसाठी.

८ ऑगस्ट, शुक्रवार

पुस्तक उघडलं. रेषीय फलन, वर्गीय फलन, घातांकी फलन, आवर्ती फलन, स्थिर फलन. प्रांत आणि व्याप्ती. पुस्तक मिटलं.

१० ऑगस्ट, रविवार

नाक मुठीत धरून सरांच्या घरी गेले. दार त्यांच्या आईंनी उघडलं. मी त्यांना काकू म्हणते. ठेंगणी, तुरुतुरु चालणारी बाई आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. "या या, कालपासून वाट बघतोय," म्हणाल्या. काल तर माझं मलाच ठरलं नव्हतं यायचं! म्हातारपणी लोकांचा दिवसांचा घोळ होतो, त्यातलं असावं.

सर पलंगावर, पाय उशीवर. इस्त्रीचा शर्ट घालून. आजारी माणसानं घरात इस्त्रीचा शर्ट कशाला घालायचा? म्हटलं, गणितवाले असेच असायचे.

पण शिकवलं मात्र छान, हे मानावं लागेल. म्हणाले, "बाई, फलन म्हणजे एक नियम आहे. एका बाजूनं तुम्ही काहीतरी घालता, त्याला क्ष म्हणू. दुसऱ्या बाजूनं काहीतरी बाहेर येतं, ते य. अट एकच. एका क्ष ला एकच य. आज एक आणि उद्या दुसरंच, असं चालत नाही."

"म्हणजे माणसासारखं नाही," मी म्हटलं.

"काही माणसं असतात तशी," ते म्हणाले आणि भिंतीकडे बघायला लागले.

मी म्हटलं, पुढे? तर म्हणे, आज एवढंच पुरे, उरलेलं उद्या सांगतो. अहो, एक वाक्य सांगितलं आणि एवढंच पुरे! असा चिक्कू शिक्षक मी जन्मात पाहिला नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

भांडून आले. मी नुसतं विचारलं, "सर, तुम्ही वर्गाच्या खिडक्या उघड्या का टाकता?" तर माणूस कानापर्यंत लाल. "वारा येतो," म्हणाले. मी म्हटलं, "पंखा आहे की. सरळ सांगा ना, गाण्याचा त्रास होतो म्हणून! म्हणूनच सभेत गप्प बसलात!" मी पर्स उचलली आणि निघाले. काकू दारापर्यंत मागे आल्या. "अहो बाई, बसा की. तो घरात तुमच्या मुलांची सगळी गाणी म्हणत असतो. सगळी एकाच सुरात म्हणतो मेला, पण म्हणतो."

म्हणजे घरी चेष्टा सुद्धा चालते माझी! बरं झालं भांडले ते. उरलेलं फलन माझं मी बघून घेईन. अर्धं तर कळलंच आहे, उरलेलं अर्धं काय असणार ते कुणीही सांगेल. एका क्ष ला एकच य, आणि एका य ला एकच क्ष. कसं टापटीप होतं!

१३ ऑगस्ट, बुधवार

आजचा वर्ग झकास झाला! मुलांना अंगणात नेलं. म्हटलं, तुम्ही सगळे क्ष, आणि हे बाक म्हणजे य. प्रत्येकानं एकेक बाक धरायचा. एका बाकावर दोघं बसले तर फलन मोडलं! मुलं जी धावली, जी धावली… शाळेचे शिपाईसुद्धा बघायला आले. फलन म्हणजे काय हे आता पोरं मरेपर्यंत विसरणार नाहीत.

एक भोंगा सोडून. भोंगा म्हणजे शेवटच्या बाकावरची मुलगी. आवाज असा मोठा की प्रार्थनेला तिला माइकपासून लांब उभी करतात. माझ्या गाण्याच्या तासाचा ती प्राण आहे आणि गणितात दर वेळी काठावर गटांगळ्या खाते. शिवाय प्रत्येक वाक्याची सुरुवात 'पण बाई'नं.

"पण बाई, दोनचा वर्ग चार. उणे दोनचाही चारच. म्हणजे एका बाकावर दोघं बसले."

मी क्षणभर गांगरले. पण शिक्षिकेचा तोरा सोडला नाही. "म्हणून वर्ग हे फलन नाही!"

"पण बाई, पुस्तकात तर वर्गीय फलन म्हणून…"

"पुस्तकात छपाईच्या चुका असतात. बस खाली."

बसली. तोंड एवढंसं झालं होतं. ही एकटी नापास झाली तरी माझा तास जाणार. कपाळ माझं!

१९ ऑगस्ट, मंगळवार

सरळ रेषेचे आलेख काढून घेतले. बरे काढतात.

ताईनं आज विचारलं, गणिताच्या सरांचा पाय कसा आहे. मी म्हटलं, मला काय ठाऊक, आमचं भांडण आहे. तर म्हणते, "मग आठवडाभर त्यांच्याबद्दलच का बोलतेयस? कालची कोशिंबीर चिरताना सुद्धा सरच होते."

"रागानं बोलतेय!"

"बये, तुला लांबचं स्पष्ट दिसतं. जवळचं बघायला नंबर लागलाय." आणि चष्म्याच्या काड्या पुसत बसली. दुकानात बसून बसून हिला सगळीकडे नंबरच दिसतात.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

आज अक्षर वाईट येईल.

सोमवारी चाचणी. म्हटलं, एकदा सरांना दाखवून यावं आपण काय काय शिकवलं. थोडं मिरवावं हाही हेतू होता. सर खुर्चीत बसले होते, आजही इस्त्री. भांडणाचं नाव नाही. मी बाकांचा खेळ सांगितला आणि म्हटलं, "वर्ग हे फलनच नाही, हे मी एका क्षणात मुलांच्या गळी उतरवलं."

सर हसायला लागले. आधी गालात, मग पोट धरून. प्लास्टरचा पाय स्टुलावर टकटक आपटायला लागला. मग माझं तोंड पाहिलं आणि एकदम थांबले.

"बाई," फार हळू म्हणाले, "एका बाकावर दोघं बसले तरी चालतं. चार बसले तरी चालतं. एक मुलगा दोन बाकांवर बसू शकत नाही, एवढंच. मी म्हटलं होतं, एका क्ष ला एकच य. उलटं नव्हतं म्हटलं."

मला दरदरून घाम फुटला. अख्ख्या वर्गाला उलटं शिकवलं! चाचणी सोमवारवर आलेली! आणि ती भोंगा बरोबर होती, तिला मी खाली बसवलं. मला रडूच आलं. सरांसमोर, काकूंसमोर, नाक पुसायला रुमालसुद्धा सापडेना.

"चूक माझी आहे," सर म्हणाले. "पहिल्याच दिवशी सगळं सांगता आलं असतं. मी तुकडे पाडले."

"का पाडले?" मी ओरडले.

ते प्लास्टरवरची धूळ झटकायला लागले. काकू आतून म्हणाल्या, "सांग की, का पाडलेस!"

"पाय दुखत होता," सर म्हणाले.

दुखत असेल बिचाऱ्याचा. पण मग आज? आज त्यांनी सलग सगळं सांगितलं. रेषीय फलन सारख्याच वेगानं चढतं किंवा उतरतं. वर्गीय खाली येतं, वळतं आणि पुन्हा वर जातं. घातांकी आधी मुंगीच्या पावलांनी, मग छप्पर फाडून. आवर्ती तेच तेच पुन्हा. स्थिर म्हणजे क्ष काहीही घाला, उत्तर तेच. मी घडाघडा लिहून घेतलं, पण एका दिवसात मुलांच्या डोक्यातलं उलटं सुलटं कसं करणार?

निघताना सवयीप्रमाणे गुणगुणत होते, रडून झाल्यावर मी गुणगुणते. जिना उतरताना थबकलेच. चाल पुन्हा पुन्हा त्याच सुरावर येत होती. मी त्याच सुरावर दहा वेळा आले तरी कोणी मला अडवत नाही! पण एका क्षणी दोन सूर? एका गळ्यातून? छे! शक्यच नाही.

क्षण म्हणजे क्ष. सूर म्हणजे य. अगं बाई, जन्मभर मी फलनंच गातेय! आणि सूर पुन्हा आला तर फलन मोडतं असं शिकवणारी मी, गाण्याची बाई! मी तशीच माघारी जिना चढले आणि दारातूनच सरांना हे ओरडून सांगितलं. ते उभेच राहिले, प्लास्टर विसरून. काकूंनी त्यांना धरलं.

२३ ऑगस्ट, शनिवार

पहिल्याच तासाला म्हटलं, "मुलांनो, मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. भोंगा बरोबर होती. भोंगा, तुझी माफी मागते." भोंगानं आधी मागे वळून पाहिलं, दुसरी कोणी भोंगा आहे का ते.

मग सगळ्यांना गाण्याच्या खोलीत नेलं, पियानोपाशी. फळ्यावर आडवी रेघ वेळेची, उभी सुराची. आणि आलेख गायला लावले! एकच सूर लांबवला, हे स्थिर. हळूहळू सारखा चढत गेला, हे रेषीय. पियानोच्या पट्ट्या ओळीनं दाबल्या, त्या पायऱ्या झाल्या. ध्रुवपद पुन्हा पुन्हा आलं, ते आवर्ती. वर्गीय गाताना सगळे वाकले, खाली गेले, वळले, वर आले. घातांकी भोंगाकडे दिलं. शेवटच्या सुराला खिडकीतली कबुतरं उडाली. आमच्या पियानोची एक पट्टी मुकी आहे, ती दाबली तर काहीच वाजत नाही. एक मुलगी म्हणाली, "इथे फलनाला उत्तरच नाही!" एक भागिले क्ष, क्ष शून्य असताना जसं उत्तरच नसतं, तसं. मी सांगितलंसुद्धा नव्हतं हो!

मी खूश आहे. आणि सोमवारची भीतीही आहे.

२५ ऑगस्ट, सोमवार

चाचणी झाली. परीक्षेच्या वेळी अख्खा वर्ग तोंडातल्या तोंडात गुणगुणत होता. मोठ्या बाई दोनदा म्हणाल्या, मधमाश्या आल्यात का कुठून?

२८ ऑगस्ट, गुरुवार

नीट सगळं लिहिते, एक अक्षर सोडणार नाही.

मोठ्या बाईंनी बोलावलं. खोलीत भोंगा उभी, डोळे लाल. खुर्चीत गणिताचे सर, हातात काठी. पडल्यापासून आज पहिल्यांदाच शाळेत आले होते. टेबलावर एकच उत्तरपत्रिका.

"बाकी सगळे पास आहेत," मोठ्या बाई म्हणाल्या. "हिचं काय करू सांगा. प्रश्न होता, वर्गीय फलनाचं वर्णन करा. हिनं लिहिलंय, 'आवाज खाली आणायचा, तळाला वळवायचा, आणि ज्या सुरांवरून उतरलो त्याच सुरांवरून वर चढायचं.' हे काय गणिताचं उत्तर झालं?"

भोंगा मान खाली घालून उभी. तिच्याही तासाचा प्रश्न होता, अख्ख्या आठवड्यात तिला आवडणाऱ्या एकमेव तासाचा. मी म्हटलं, "तिला तोंडी विचारा, बाई. काहीही विचारा."

मोठ्या बाई खवचटच आहेत, आणि हुशारही. त्यांनी कागद ओढला, पेन्सिल घेतली आणि कागदावर मोठं वर्तुळ काढलं. "बरं. हे गाऊन दाखव."

मी आधी सरांकडे पाहिलं. सरांनी काठी घट्ट धरली होती. बोलूच शकत नव्हते, बोलले असते तर परीक्षा बाद.

भोंगानं डाव्या टोकाला बोट ठेवलं, श्वास घेतला, सूर लावला. बोट वरच्या बाजूनं चढायला लागलं, सूरही चढला. आणि थांबली. पुन्हा डावीकडून सुरू केलं, या वेळी खालच्या बाजूनं. पुन्हा थांबली. कपाळाला आठ्या. मी डोळे मिटून घेतले, म्हटलं गेलं सगळं.

"पण बाई," भोंगा म्हणाली, "हे गाताच येत नाही."

"का? दमलीस?"

"दमले नाही. इथे बघा ना." तिनं वर्तुळाच्या मधोमध उभं बोट ठेवलं. "या एकाच क्षणाला वरचाही सूर पाहिजे आणि खालचाही. माझा गळा एकच आहे. दोन माणसं लागतील, एक वरचं अर्धं गाईल, एक खालचं. एकट्याला येत नाही, म्हणजे हे फलनच नाही."

मोठ्या बाईंनी वर्तुळाकडे पाहिलं, भोंगाकडे पाहिलं. मग लाल पेन उचललं, उत्तरपत्रिकेवरचा शेरा खोडला आणि 'उत्तीर्ण' लिहिलं. "गाण्याचा तास राहील," म्हणाल्या. "आणि ही बोटं ठेवून दाखवायची पद्धत तुम्ही दहावीलाही शिकवा." आणि चहा मागवला. सगळ्यांना!

भोंगानं जी आरोळी ठोकली, ती घातांकी होती. मी तिला मिठी मारून रडले. सरही डोळे पुसत होते, पाय दुखत असणार.

बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं, "तुमचा जादा तास गेला. वाईट वाटलं असेल."

"मी मागितलाच नव्हता," सर म्हणाले. "सभेच्या आधीच मोठ्या बाईंना म्हटलं होतं, नको म्हणून. गाणं बंद झालं तर मी खिडक्या कशाला उघडू?"

मग वारा? विचारायचं राहून गेलं, घंटा झाली.

१ सप्टेंबर, सोमवार

शाळा सुटल्यावर मी पियानो झाकत होते. सर काठी टेकत आले. म्हणाले, "शिक्षकांच्या गाण्याच्या गटात मला घ्याल का?"

"सूर लावून दाखवा," मी म्हटलं. नियम म्हणजे नियम.

त्यांनी सूर लावला. म्हणजे एक सूर लावला. मी पियानोवर दुसरी पट्टी दाबली, त्यांचा तोच. तिसरी, तोच. अख्खं कडवं वाजवून झालं, हा माणूस जागचा हलला नाही. काकू खोटं बोलल्या नव्हत्या.

"सर, ही कुठली चाल?"

"स्थिर फलन," ते म्हणाले. कान पुन्हा लाल. "क्ष च्या जागी वार घाला, बाई. सोमवार घाला, गुरुवार घाला, सुटीचा रविवार घाला. वर्षभर मी घालून बघतोय. उत्तर एकच येतं."

मी म्हटलं, "बरं, उद्यापासून या, शेवटच्या रांगेत उभे राहा." आणि घरी आले. ताईला सगळं जसंच्या तसं सांगितलं. तिनं हातातली सुरी खाली ठेवली.

"आणि उत्तर काय येतं ते विचारलंस?"

"नाही."

"अगं, तुला तरी काय म्हणावं!" आणि हसता हसता खुर्चीत बसली.

म्हणून खोलीत येऊन ही वही सुरुवातीपासून वाचली. इस्त्रीचे शर्ट. 'कालपासून वाट बघतोय.' तुकडे तुकडे करून सांगितलेलं एक वाक्य. उघड्या खिडक्या. दर पानावर, कुठलाही वार घाला…

अगं बाई!

ताईला म्हटलं, माझे डोळे तपास. ती म्हणाली, आता गरज नाही. मला हसू आवरत नाहीये आणि तोंड तापलंय. उद्या निळी साडी नेसणार आहे. सर्वांत आधी जाऊन गाण्याच्या खोलीच्या खिडक्या उघडणार आहे, माझ्या बाजूच्या.